घुंगरांशिवाय आलेली दमणी

भिंतीवरचे खिळे अजून तसेच आहेत. तीन रांगा, हातभर अंतरावर एकेक, गंजून काळे पडलेले. देवळीच्या त्या जुन्या कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गोदामात पाय ठेवला आणि आधी नजर गेली ती त्यांच्याकडे. बाकी काही ओळखू येत नव्हतं. पत्र्याला भोकं पडली होती, आढ्यावर कबुतरं होती आणि कोपऱ्यात सोयाबीनची रिकामी पोती रचून ठेवली होती. मालकाच्या नातवानंच मला नागपूरहून बोलावून घेतलं होतं. तो दारातच नाकाला रुमाल लावून उभा होता.

"पुढच्या आठवड्यात पाडून राह्यलो हे, काका. माळ्यावर तुमची पेटी सापडली. नाव हाय तिच्यावर. भंगारात देऊन टाकत होतो, तं बाबा म्हणे आधी त्याईले इचार." मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे खिळे कायचे हो?"

"गाद्यांचे."

"भिंतीले गाद्या?"

त्याला काय सांगणार? कुठल्याही खोलीत गेलो की एक टाळी वाजवून बघायची माझी जुनी खोड आहे. बायकोनं तिला पाहुण्यांच्या घरी किती वेळा तरी हसून सावरून घेतलंय. मी टाळी वाजवली. आवाज पत्र्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला आणि कबुतरं उडाली. एके काळी याच खोलीत वाजवलेली टाळी हाताजवळच मरायची. एवढी मऊ शांतता मी नंतर नागपूरच्या काचेच्या स्टुडिओतही ऐकली नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नागपूरच्या एका स्टुडिओत तीन वर्षं वायरी गुंडाळून आणि साहेबांचा चहा आणून मी ध्वनिमुद्रण शिकलो होतो, आणि कुणाची नोकरी करायची नाही असं ठरवून देवळीला परतलो होतो. सोबत एक स्पूलचा टेपरेकॉर्डर, दोन माइक आणि डोक्यात भरपूर हवा. काका म्हणाले, "हे कोनतं काम आनलं रे बाप्पा? पेरता येत नाई, इकता येत नाई." त्यांचं चूक नव्हतं. पण भजनी मंडळांना आपलं भजन ऐकायचं होतं, टुरिंग टॉकीजवाल्याला रिक्षावरून फिरवायला जाहिरात हवी होती आणि नागपूरचे कॅसेटवाले गावोगावची गाणी शोधत हिंडत होते. मला खोली हवी होती, आणि जिनिंगचं मागचं गोदाम होळीपासून दिवाळीपर्यंत रिकामं असायचं. मालक म्हणाले, कापूस येईस्तोवर गोदाम तुझं.

त्यामुळे माझा स्टुडिओ हंगामी होता. दिवाळीला कापसाच्या पहिल्या गाड्या येऊन फाटकाशी उभ्या राहिल्या की मी सगळं आवरायचो आणि मशीन खांद्याला लावून खेड्यापाड्यांत काम शोधायला निघायचो. होळीनंतर परत यायचो तेव्हा गोदामात सरकीचा तेलकट वास भरून राहिलेला असायचा आणि कोपऱ्याकोपऱ्यांत कापसाचे पुंजके उडत असायचे. तेच पुंजके मी वेचून ठेवायचो आणि स्पिरिटमध्ये बुडवून टेपरेकॉर्डरची हेडं पुसायचो. सरकी, स्पिरिट आणि तापलेली टेप असा तिन्हींचा मिळून एक वास होता. तो आता कुठे मिळत नाही. मी पुष्कळ शोधलाय.

गाद्या रहीमचाचानं भरून दिल्या. गोदामाला लागूनच त्याचं कापूस पिंजायचं दुकान होतं. चोवीस गाद्या पाहिजेत म्हटल्यावर त्यानं धनुकलीवरचा हात थांबवला.

"चोबीस? बरात उतरने वाली है क्या?"

"नाही चाचा, भिंतीला टांगायच्या आहेत. आवाज घुमू नये म्हणून."

चाचा म्हणाला, "मतलब ये गद्दी सोने की नई है. आवाज को सुलाने की है." आणि त्यानं पुढच्या आठवड्यात चोवीसच्या चोवीस भरल्या, तीही नवऱ्यामुलासाठी भराव्यात तशी पिंजून पिंजून. अडचण एकच होती. दिवाळीच्या आधी सारं गाव गाद्या पिंजून घ्यायला काढायचं आणि चाचाची धनुकली दिवसभर टण् टण् करायची. माझ्या सगळ्या गाद्या ओलांडून ती माइकात यायची. मग आमच्यात ठरलं की रेकॉर्डिंग असलं की मी दाराला लाल फडकं लावायचं आणि फडकं दिसलं की चाचानं बिडी ओढायला बसायचं. एकेका भजनाला चाचाच्या चार-चार बिड्या व्हायच्या. त्याची बायको मला त्यावरून बोलायची.

मी फार कडक होतो. आता आठवलं की हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. आत येणाऱ्याच्या खिशातली किल्ली, चिल्लर, काडेपेटी दाराशी काढून घ्यायचो. खोकला आला तर पहिल्यापासून. दूरवर गाढव ओरडलं तरी पहिल्यापासून. शेतातले पंप सुरू झाले की विजेचा दाब पडायचा, मशीन मंदावायचं आणि चांगल्या गायकाचा आवाज रडका व्हायचा, तेव्हा सगळ्यांना उन्हात बसवून ठेवायचो. आणि नंतर ब्लेड घेऊन बसायचो. गाण्याच्या आधीचा श्वास, मधली कुजबुज, शेवटचं "झालं काय?" हे सगळं टेपवर पेन्सिलीनं खूण करून कापायचो आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायचो. तांदळातले खडे वेचावेत तसा मी आवाज निवडायचो. लोक म्हणायचे, याच्या टेपमध्ये कचरा सापडायचा नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता.

कापलेले तुकडे मात्र फेकवत नसत. ते एका पत्र्याच्या गोल डब्यात ठेवायचो. डब्यावर मीच लिहिलं होतं, 'नापास'.

आता इंदूताईबद्दल सांगायला हवं. इंदूताई माझी मोठी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला रोहण्याला दिली होती, शेतीच्या घरात. आमची आई माझ्या लहानपणीच गेली आणि आम्ही काका-काकूंकडे वाढलो, त्यामुळे ताईचं माहेर म्हणजे नावाला काकूचं घर आणि खरं तर मीच. दरवर्षी भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसल्या की तिला आणायला मी जायचो. पुलगावला उतरून आर्वीकडे जाणारी छोटी गाडी धरायची. ती इतकी हळू चालायची की माणसं मध्येच उतरून शेतातली बोरं तोडून पुन्हा चढायची असं सांगतात. मी तसं केलेलं नाही, पण करता आलं असतं. रोहण्याला गाडी शिट्टी द्यायची आणि घरी पोचेपर्यंत ताई पत्र्याची पेटी बांधून ओसरीवर बसलेली असायची. भाऊजी चेष्टा करायचे, "काल रात्रीपासून पेटीवरच बसून हाय थे. जेवलीबी पेटीवर." ताई लटक्या रागानं त्यांच्याकडे बघायची. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती गुणगुणत राहायची आणि पुलगाव येईपर्यंत महिनाभराची गाणी तिच्या जिभेवर यायची.

महिनाभर आमच्या आळीत संध्याकाळी भुलाबाईची गाणी असत. मातीची भुलाबाई आणि भुलोजी, ज्वारीच्या ताटांचा मांडव, निरांजनाचं तूप, भाजल्या शेंगदाण्यांचा वास. शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा आणि डबा हलवून हलवून पोरी भांडायच्या. बायका गोल बसून गाणी म्हणत. त्यात एक गाणं आमच्या आईनं रचलेलं होतं आणि ते तालासुरासकट फक्त ताईला येत होतं. सासरी बसलेली बहीण भावाची वाट बघते. दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी. ती दमणी गावच्या वेशीशी सोडून भाऊ दारात येतो.

'दमणी सुटली येशीपाशी, भाऊ माह्या दारात गं,
घुंगरांचा आला नाद, जीव माहा माहेरात गं.'

ही ओळ प्रत्येक कडव्याच्या शेवटी परत यायची. 'नाद' हा शब्द आला की ताई मनगट झटकन फिरवायची आणि तिच्या बांगड्या छुन्न वाजायच्या. मग बाकीच्या बायकाही मनगटं फिरवायच्या. ती बैलांची घुंगरं. आई तसंच करायची म्हणे. मला आईचा चेहरा आठवत नाही, पण तो आवाज आठवतो असं वाटतं. कदाचित तो ताईचाच असेल.

एका वर्षी नागपूरच्या कॅसेटवाल्यानं भुलाबाईच्या गाण्यांची कॅसेट मागितली. मी हरखलो. आईचं गाणं गावोगाव वाजेल या कल्पनेनं मला चार दिवस झोप नीट लागली नाही. भर दुपारी, आळी शांत असताना, ताई, काकू आणि शेजारच्या तिघी अशा पाच जणी नव्या लुगड्यांत गोदामात आल्या. गाद्यांच्या भिंती पाहून काकू म्हणाली, "अव माय, हे तं बाळंतिणीची खोली वाटून राह्यली." सगळ्या हसल्या. मी लाल फडकं लावलं. चाचानं बिडी पेटवली. आणि पहिल्या ओळीलाच माझ्या कानातल्या हेडफोनात काचेचा पाऊस पडला. पाच जणींच्या हातांत मिळून सत्तर-ऐंशी बांगड्या होत्या आणि टाळी वाजवली की त्या सगळ्या बोलत होत्या.

मी मशीन थांबवलं आणि सरळ म्हणालो, "बांगड्या काढून ठेवा."

मग काकू उठून उभी राहिली. "तुह्या जिभेले काई हाड? सवाशीण बाई बांगड्या काढते काय? काका जिवंत हाय अजून तुहा!"

मला माझी चूक कळली, पण कळूनही मला बांगड्या नको होत्या. शेवटी चाचानं तोड काढली. त्यानं दारातून पिंजलेला कापूस आणि सुताचं रीळ आत सरकवलं. पाची जणींनी बांगड्यांभोवती कापूस गुंडाळून वरून सूत बांधलं. हात सुजल्यासारखे दिसत होते आणि एकमेकींचे हात बघून त्या हसून हसून लोळत होत्या. चौघींच्या बांगड्या गप्प झाल्या. ताईच्या झाल्या नाहीत. तिची मनगटं बारीक, बांगड्या सैल, आणि 'नाद' आला की तिचा हात फिरायचाच.

"ताई, हात हलवू नको."

"मी नाई हालवत रे. तो आपूनच हालते."

सात वेळा घेतलं. सातही वेळा, कधी पहिल्याच कडव्याला तर कधी अगदी शेवटी, ओरडलो, "थांबा! बांगड्या!" सातव्या वेळेला माझा आवाज चढला. इतर बायकांसमोर मी ताईला म्हणालो, "तुला गाता येत नसेल तर काकूला म्हणू दे." ते गाणं काकूला येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. ताई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पानी पिऊन येतो."

ती गादीच्या आड गेली. परत आली तेव्हा दोन्ही हात पदरात होते. माझ्या टेबलापाशी थांबून तिनं पदराआडूनच 'नापास'च्या डब्यात काहीतरी ठेवलं आणि इतकं हळू बोलली की माइकलाही ऐकू गेलं नसतं, "कोणाले सांगजो नको." मी डब्यात बघितलं. हिरव्या बांगड्या होत्या, दोन्ही हातांच्या.

मी त्या परत द्यायला हव्या होत्या. मी बटण दाबलं.

ते आठवं गाणं कॅसेटवर आलं. एकही खडा नाही. नुसते आवाज, पाण्यासारखे नितळ, आणि ताईचा सगळ्यांच्या वर. गाणं संपल्यावर तिनं डब्यातून काढून पदराआडच बांगड्या चढवल्या. घाईत एक तडकली. बांगडी फुटली म्हणायचं नसतं. ती हसून म्हणाली, "वाढली रे एक." तुकडा डब्यातच पडला.

पुढची भुलाबाई यायच्या आधी भाऊजी गेले. कसे गेले ते इथे लिहीत नाही. मी रोहण्याला पोचलो तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती आणि आत बायकांनी ताईच्या बांगड्या काढल्या होत्या. मी उंबऱ्यापाशी उभा होतो. ताईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं हे मला तेव्हा कळलं नाही, पण ती मलाच दोष देतेय असं मी माझ्या मनानं ठरवून टाकलं. त्या घरात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं की हे हात एकदा आधीच रिकामे झाले होते आणि कुणाच्या सांगण्यावरून झाले होते. मी शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी लोकांना तावातावानं सांगायचो. एकटा असलो की मात्र तो डबा डोळ्यांपुढे यायचा.

त्या वर्षी भादव्याच्या पुनवेला आळीत भुलाबाई बसल्या तेव्हा आमची कॅसेट लाउडस्पीकरवर लागली. देवळीत लागली, पुलगावला लागली, वर्ध्याच्या बाजारात लागली. मी जिथे ऐकू आली तिथून रस्ता बदलायचो. ताई त्या वर्षी आली नाही. नंतरही आली नाही. काकू कधी विषय काढायची, मी कामाचं निमित्त सांगायचो. दोन वर्षांनी नागपूरच्या स्टुडिओत बोलावणं आलं आणि मी गेलो. गाद्या उतरवून चाचाला दिल्या. त्यानं सगळ्या पिंजून गोरगरिबांच्या लेकींच्या लग्नात दिल्या असं पुढे कळलं. म्हणजे आवाजाला निजवणाऱ्या गाद्यांवर शेवटी माणसंच झोपली. ते मला आवडलं.

ताईची भेट व्हायची. लग्नात, बारशात, मयतीला. तिचा मुलगा मोठा होऊन वर्ध्याला नोकरीला लागला आणि पिपरी मेघेला घर बांधून तिला घेऊन आला. आम्ही तब्येतीचं बोलायचो, पावसाचं बोलायचो. गाण्याचं कधी बोललो नाही. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज धुऊन पुसून दिले आणि आपल्या बहिणीशी एक सरळ वाक्य बोललो नाही.

मालकाच्या नातवानं काढून दिलेली पेटी घेऊन मी घरी आलो. त्यात वायरी होत्या, सुकलेली चिकटपट्टी होती, लाल फडकं होतं आणि तळाशी तो डबा. झाकण निघेना. चमच्यानं उचकटलं. गुंडाळलेल्या टेपच्या तुकड्यांमध्ये हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा होता. मी तो बराच वेळ तळहातावर धरून बसलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी डबा घेऊन उठलो.

टेप चिकटली होती. दोन दिवस हलक्या उबेत ठेवली, मग जुन्या मशीनवर चढवली. ताईचे सातही नापास प्रयत्न त्यात होते. कुठे पहिल्या दोन ओळी चांगल्या होत्या, कुठे मधलं कडवं, कुठे शेवट. प्रत्येकात 'नाद'पाशी बांगड्या छुन्न वाजत होत्या आणि प्रत्येकात लगेच माझा तरुण, कडक, शहाणा आवाज येत होता, "थांबा! बांगड्या!" आयुष्यभर जे काम केलं ते मी पुन्हा करायला बसलो. ब्लेड घेतलं, पेन्सिलीनं खुणा केल्या. सात तुकड्यांतून एक पूर्ण गाणं जुळत होतं. या वेळी मी बांगड्या ठेवल्या आणि माझा आवाज कापला.

ते गाणं एका लहान यंत्रावर उतरवून घेतलं आणि परवा सकाळी पिपरी मेघेला गेलो. ताई दिवाणावर बसून लसूण सोलत होती. शहात्तर वर्षांची झालीय. हात आणखी बारीक झालेत. मनगटात काही नाही. सून चहा ठेवायला आत गेली आणि मी खिशातला काचेचा तुकडा काढून ताईपुढे धरला.

"हे काय रे?"

"तुझी बांगडी. त्या दिवशी वाढली होती ती."

तिनं तुकडा चिमटीत धरून उजेडाकडे नेला. मी बोलत सुटलो. चाळीस वर्षांचं सगळं एकदम, ना धड सुरुवात ना शेवट. मी तुला काढायला लावल्या, मी ओरडलो, मी परत दिल्या नाहीत, मग भाऊजी गेले, आणि मला वाटत राहिलं की तुला वाटत असेल. ताई ऐकत राहिली. लसणाची पाकळी तिच्या बोटांत तशीच होती.

"एवढंच हाय काय?" ती म्हणाली. "बांगड्याईनं माणसं जगत असते तं कासाराच्या घरी कोणी मेलंच नसतं. येडा हायेस काय तू? थे मी कवाच इसरली होती."

मला श्वास घेता आला. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"मले काय नाई इसरता आलं, सांगू? तू आनाले आला नाई."

तिनं काचेचा तुकडा दिवाणावर ठेवला.

"त्या वर्षी मी पेटी बांधून ठेवली होती. सासू म्हणे, आता कायची भुलाबाई तुले? मी म्हटलं, भाऊ येते माहा. छोट्या गाडीची शिट्टी झाली का दारात येऊन उभी राहो. चार दिवस राह्यली. पाचव्या दिवशी पेटी सोडली." तिनं पाकळी सोलून वाटीत टाकली. "काऊन नाई आला रे? मी तुले काई म्हटलं असतं काय?"

जे काही कारण होतं ते मी आत्ताच सांगून बसलो होतो आणि ते किती फुटकळ होतं हे तिनं एका वाक्यात दाखवलं होतं. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की ताईनं येणं सोडलं. मीच आणायला गेलो नव्हतो. मी फक्त माझ्याच मनातला आवाज ऐकत बसलो आणि रोहण्याच्या दारात कुणी शिट्टीकडे कान लावून उभं आहे हे मला ऐकू आलं नाही. लोक मला कानाचा तिखट म्हणतात.

"ताई, चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलंच," ती म्हणाली.

सून चहा ठेवून गेली. चहा निवत गेला. मग ताईनंच माझ्या हातातल्या लहान यंत्राकडे बघून विचारलं, "काय आनलं त्याच्यात?"

"आईचं गाणं."

"कॅसेटवालं? नको. म्या थे एकदा आयकलं, आर्वीच्या बाजारात. मले नाई आवडलं. तो भाऊ येते, येते म्हणते, अन् येतच नाई. बैलाईचा आवाजच नाई त्याच्यात."

"ते नाही. हे दुसरं आहे. तू ऐक तर."

मी बटण दाबलं. आधी नुसती खरखर आली, मग त्या दुपारची गाद्यांतली मऊ शांतता, मग कुणाचं तरी दबलेलं हसणं, आणि मग ताईचा तिशीतला आवाज. खोलीतली ताई डोळे मिटून बसली. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. दमणी येशीपाशी सुटली. भाऊ दारात आला. 'नाद' आला आणि दिवाणावर तिचं रिकामं मनगट आपोआप फिरलं, आणि त्याच क्षणी यंत्रातून त्या सगळ्या हिरव्या बांगड्या छुन्न वाजल्या.

ताईनं डोळे उघडले नाहीत. तिनं फक्त हात लांब केला, माझा हात शोधला आणि धरून ठेवला.

"हां," ती म्हणाली. "आता आला."